पावलांचं बटण

माझा नातू सनी याचं लग्न दोनदा ठरून दोनदा पुढं गेलं. आधी टाळेबंदी लागली, मग पन्नासच माणसं बोलवा म्हणाले, आणि आमच्याकडं पन्नास माणसं नुसती त्याच्या मावशांकडचीच होतात. शेवटी लोकांच्या तोंडावरचे मास्क उतरले तेव्हा, २०२२ सालच्या मे महिन्यात, ते लग्न पार पडलं. त्याच महिन्यात सनीची धाकटी बहीण संजना गंगापूर रोडवरच्या एका कंपनीत नोकरीला लागली. मांडवात जो तो विचारी, पोरगी काय काम करते? मी सांगे, फोनवरची बटणं काढते. पाहुणे मान हलवत आणि जिलेबीकडं वळत. फोनच्या काचेवर बटण केवढं असावं, कुठं असावं, बोट लागल्यावर त्यानं कसं दबल्यासारखं दिसावं, एवढ्यासाठी दरमहा पगार मिळतो हे मलाही तिच्यामुळंच कळलं.

कंपनीचा मालक रुद्र. वय तिशीच्या आत, दाढी राखलेली, पायात पांढरेशुभ्र बूट. तो मराठीच बोलायचा, पण वाक्यातली कामाची वस्तू तेवढी इंग्रजीत असायची, आणि मराठीच्या वाट्याला 'करायचं', 'होतं', 'आहे' एवढंच उरायचं. त्यानं म्हाताऱ्या माणसांसाठी एक अ‍ॅप काढायचं ठरवलं होतं. नाव 'हाक'. मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. आईबाप इथं एकटे. आईबापानं फोनवर नुसतं बोट ठेवायचं की तिकडं मुलाच्या फोनवर भोंगा वाजणार, फोन गप्प ठेवलेला असला तरी वाजणार. कल्पना वाईट नव्हती. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे म्हातारीला नवं काही बघवत नाही असं कुणी म्हणू नये.

अ‍ॅप तयार व्हायच्या आधी ते म्हाताऱ्यांच्या हातात देऊन बघायचं होतं. संजनानं मला नेलं, आणि माझ्याबरोबर लंकाबाईंना.

लंकाबाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या, आम्ही तिसऱ्यावर. त्या कळवण तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. नवरा गेल्यावर त्यांच्या मुलानं, गोरक्षनं, शेत वाट्यानं दिलं, आईला नाशिकच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं आणि स्वतः पुण्याला नोकरीवर परत गेला. फ्लॅटला कुलूप राहू नये म्हणून आई ठेवली हाय, असं लंकाबाई स्वतःच सांगायच्या. त्या देवाधर्माच्या, आम्ही बौद्ध. पहिल्यांदा माझ्याकडं आल्या तेव्हा चहा घ्यावा की नाही असा त्यांनी जरा विचार केला. दुसऱ्यांदा घेतला. तिसऱ्यांदा साखर कमी हाय म्हणाल्या. तिथून आमचं जमलं.

कंपनीत आम्हाला काचेच्या खोलीत बसवलं. आमच्याशिवाय सावळीराम नावाचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. प्रत्येकाच्या हातावर वरून कॅमेरा लावलेला. रुद्र म्हणाला, "तुम्ही अगदी नॅचरल वागा." खोली इतकी गार होती की लंकाबाईंनी पदर कानावरून घेतला आणि सावळीरामांनी खिशातून मफलर काढला. अशा नॅचरल अवस्थेत आम्ही बसून राहिलो.

भिंतीवर एका म्हातारीचा मोठा फोटो होता. मी अक्षरं पन्नाशीत शिकले, त्यामुळं समोर काही लिहिलेलं दिसलं की वाचून काढते. खाली लिहिलं होतं: मनोरमा आजी, वय ६८. आवड: भजन, नातवंडं, लोणची. भीती: तंत्रज्ञान. बाई गोरीपान, केस कापसासारखे, डोळे निळसर. मी संजनाला विचारलं, ही कुठली? ती हळूच म्हणाली की ही खरी नाही, सगळ्या म्हाताऱ्या माणसांची मिळून एक बाई त्यांनी बनवली आहे. काही ठरवायचं झालं की मनोरमा आजी काय करील असं एकमेकांना विचारतात. मी म्हणाले, आता आम्ही आलोय, आम्हाला विचारा. संजनानं इकडंतिकडं बघितलं आणि माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

पहिल्या खेपेला फोनवर एक मोठा लाल गोल आला. त्याला बोट लावायचं होतं. कुणीच लावलं नाही. सावळीराम म्हणाले, लाल दिसलं की थांबायचं, हयातभर तेच केलं, आता का मोडू? लंकाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीला दोन बटणं, हिरवं दाबलं की पाणी चालू, लाल दाबलं की बंद. त्यांनी रुद्रला विचारलं, "पोराला बोलवायचं हाय का बंद करायचं हाय?" रुद्रनं भिंतीवरच्या बाईकडं एकदा बघितलं आणि वहीत लिहून घेतलं की ज्येष्ठांना भडक रंगाची भीती वाटते.

दुसऱ्या खेपेला बोलावलं तेव्हा लाल गोल गेला होता. फोन उघडला की गडावरची देवी. काचभर तिचं शेंदरी तोंड, मोठे डोळे, आणि खाली अक्षरं: देवीला स्पर्श करा. हे रुद्रच्या डोक्यातून निघालं होतं. नाशिकच्या माणसाला भीती वाटणार नाही असं चित्र हवं, आणि मनोरमा आजींना भजन आवडतं, मग देवी लावा, असा हिशेब.

लंकाबाईंनी फोन हातात घेतला, टेबलावर नीट ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. जोडलेले सोडेचनात. रुद्र घड्याळ लावून बसला होता. शेवटी तो म्हणाला, "आजी, टच करा ना."

"तोंडाला?"

"कुठंही करा. फेसवर करा."

"बाबा, तू तुझ्या आईच्या तोंडावर बोट टेकवतो का?"

रुद्रनं घड्याळ थांबवलं. लंकाबाईंनीच वाट दाखवली. "हात पायाला लावायचा असतो. पाय कुठं हायेत हिचे?" त्यांनी फोन उभा केला, आडवा केला, उलटा करून मागं बघितलं. पाय नव्हते. फोटो खांद्यापाशी कापला होता.

मग रुद्र माझ्याकडं वळला. मी सांगितलं की ही आमची नव्हे. तो घाईघाईनं म्हणाला, नो प्रॉब्लेम, तुमच्यासाठी बुद्धांचं व्हर्जन करून देऊ. मी म्हणाले, "मला पोराला बोलवायचंय तर पोराचा फोटो लावा. बुद्धांना मधे कशाला त्रास?" त्याची मान परत भिंतीकडं गेली. मुलाचा फोटो बघून मनोरमा आजी इमोशनल होतील, असं तो म्हणाला. आम्ही झालो तर त्याला चालणार होतं की काय कुणास ठाऊक.

तिसऱ्या खेपेला पावलं आली. ती संजनानं काढली होती, आणि माझी नात म्हणून सांगत नाही, पण सुरेख काढली होती. चांदीची, बोटांत जोडवी, वर कुंकवाची दोन बोटं, बाजूला झेंडूची फुलं. बटण म्हणजे तीच पावलं. फोन उघडला आणि लंकाबाईंचा हात आपोआप पुढं गेला. पावलांना लागला, तिथून कपाळाला गेला. सावळीरामांनीही बोटं टेकवली आणि छातीला लावली. बाहेरच्या खोलीत भोंगा वाजला. रुद्रनं टाळ्या वाजवल्या, सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, आम्हाला समोसे दिले.

संजनाला तेव्हाच एक शंका आली होती. ती रुद्रला म्हणाली की बोट लागल्यावर एकदा विचारून घेऊ, मुलाला खरंच बोलवायचं का, हो की नाही. रुद्र म्हणाला, जेवढे प्रश्न वाढतील तेवढी माणसं कमी होतील, म्हातारा माणूस प्रश्न बघून घाबरतो. झालं. पुढच्या महिन्यात त्या पावलांना बंगळुरूला कसलंसं बक्षीस मिळालं. रुद्र ते घेऊन आला तेव्हा पेपरात फोटो होता, त्यात तो होता आणि पावलं होती.

गोरक्षनं आईच्या फोनवर 'हाक' टाकून दिलं आणि निश्चिंत मनानं पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी लंकाबाईंनी आंघोळ केली, देवघरातल्या टाकांना फूल वाहिलं, दिवा लावला, फोन उघडून पाटावर ठेवला आणि पावलांना हात लावला. तिकडं गोरक्ष दात घासत होता. तोंडात फेस तसाच, त्यानं फोन केला. मी तेव्हा खाली दूध द्यायला गेले होते, म्हणून सगळं कानांनी ऐकलं.

"आई, काय झालं? पडलीस का?"

"कुठं काय झालं? पूजा केली."

"मग पावलांना हात कशाला लावला?"

"पाया पडायचं नाय का?"

त्यानं समजावून सांगितलं. लंकाबाईंना समजलंही. त्या अडाणी नव्हत्या, शेताच्या वाटणीत दोन दिरांना पुरून उरलेल्या बाई. पण समोर देवीची पावलं दिसताहेत आणि आपण हात मागं घेतलाय, हे त्यांच्या हाताला जमेना. रोज भोंगा वाजू लागला. मंगळवारी, शुक्रवारी दोनदा. गोरक्ष कधी गाडीवर असे, कधी साहेबासमोर. एकदा त्याच्या कंपनीत परदेशी पाहुणे आलेले असताना वाजला, आणि आग लागली समजून ते जिन्यानं खाली उतरले. तो म्हणाला, आई, ते अ‍ॅप काढून टाकतो. लंकाबाई म्हणाल्या, देवी काढायची नाय.

त्याला कारण होतं. विधवा बाई म्हणून लंकाबाईंना इमारतीतल्या हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका त्यांच्या दारावरून नटून जायच्या, आणि त्या दार लोटून आत बसायच्या. फोनमधली देवी आली आणि चित्र पालटलं. कुणीतरी ती पावलं पाहिली, चांगली आहेत म्हणाली, हात लावला. पुढच्या नवरात्रात त्याच बायका लंकाबाईंच्या दारात उभ्या, फोनला गजरा घातलेला, काचेवर कुंकू, आणि एकेक जण वाकून पाया पडतेय. लंकाबाई बाजूला खुर्चीत बसून प्रत्येकीला खडीसाखर देत होत्या. मी कोपऱ्यात उभी राहून हसत होते. "हसा, लताबाई," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं कोण येतं?" पुण्यात गोरक्षचा फोन त्या दिवशी इतका वाजला की त्यानं तो टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला.

त्यानं कंपनीला खरमरीत तक्रार लिहिली. ती वाचून रुद्रनं लंकाबाईंची माहिती काढली, आणि त्याचे डोळे उजळले. सगळ्या महाराष्ट्रात या अ‍ॅपला सर्वांत जास्त बोटं लावणारी बाई तीच निघाली. त्यानं तिला बोलावून शाल आणि नारळ दिला, फोटो काढला, आणि कंपनीच्या पानावर टाकला: आमच्या सर्वांत सक्रिय आजी. गोरक्षच्या तक्रारीवरही उपाय निघाला. मुलाच्या फोनवर एक नवी सोय आली, नाव 'शांत वेळ'. सकाळची वेळ एकदा लावून दिली की त्या वेळात भोंगा वाजायचा नाही. नुसती झेंडूची फुलं पडायची आणि अक्षरं यायची: आईने तुमची आठवण काढली. आणि मुलाला तसदी नको म्हणून आईच्या फोनवर त्याच्या नावानं आपोआप जोडलेले दोन हात उमटायचे.

ही फुलंही संजनालाच काढायला लावली. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. मला म्हणाली, "आजी, हाकेला ओ द्यायला नको, यासाठी आम्ही बटण काढलंय."

दुसऱ्या दिवशी तिनं मला बरोबर घेतलं आणि खाली गेली. लंकाबाई लसूण सोलत होत्या. संजनानं त्यांना सांगितलं, सकाळी बरं वाटेनासं झालं तर पावलांवर राहू नका, नेहमीसारखा नंबर लावून फोन करा.

"म्हंजे भोंगा वाजत नाय तिकडं?"

"सकाळचा नाही वाजत, आजी."

"मग हे कशाला?"

संजना खाली बसून लसूण सोलू लागली. लंकाबाई मग हळूच म्हणाल्या, "हात जोडलेले येतात ना गोरखचे. रोज येतात."

"ते आपोआप येतात."

लंकाबाईंनी लसणाची एक पाकळी बराच वेळ सोलली. नंतर म्हणाल्या, "आपोआप का होईना, येतात." आणि टरफलं गोळा करून उठल्या. त्यानंतर मी त्यांना या गोष्टीवरून कधी छेडलं नाही. संजनानं मात्र रुद्रला सांगून पाहिलं की निदान आईच्या फोनवर तरी लिहू या, आत्ता भोंगा बंद आहे म्हणून. रुद्र म्हणाला, असं कळलं तर ज्येष्ठांना एकटं वाटेल.

रथसप्तमीला सकाळी लंकाबाईंनी दूध उतू घालायला शेगडी पेटवली होती. शुक्रवारही होता. मी उन्हं वर आल्यावर खाली गेले, तर दार आतून लावलेलं आणि दुधाचा करपलेला वास. मी हाका मारल्या, कडी वाजवली. वॉचमन देवराम मागच्या खिडकीतून आत गेला आणि त्यानं दार उघडलं. लंकाबाई देवघरासमोर कुशीवर पडल्या होत्या. अंग गार नव्हतं, पण आत कुणी नव्हतं. फोन पाटावरून ओढून त्यांनी छातीशी घेतला होता. काचेवर जोडलेले हात एकाखाली एक, एकाखाली एक, वर सरकवत गेलं तरी संपेनात. डॉक्टर म्हणाले, हृदय. लगेच कुणी आलं असतं तर वाचल्या असत्या की नाही ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले, म्हणजे काय ते त्यांनाच माहीत. मी तीनच मजले वर होते. पण त्या फोनवर शेजारणीला बोलवायची सोय नव्हती. हाक जवळच्याच नातेवाइकाला जायची.

पुण्यात गोरक्षच्या फोनवर सकाळभर फुलं पडत राहिली. त्यानं ती पाहिली. रथसप्तमी आहे, शुक्रवार आहे, बायका जमल्या असतील, आई खूश असेल, असं त्याला वाटलं. आपण आईला हे अ‍ॅप टाकून दिलं ते बरं केलं, असंही वाटलं. हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

रुद्र समाचाराला आला. हार आणला होता. दारात बूट काढताना तो माझ्याशी हळू आवाजात बोलला, "आम्ही डेटा पाहिला. आजी शेवटपर्यंत अ‍ॅपवर होत्या." त्याला हे सांत्वनच वाटत होतं. संजनानं त्याला पाणी दिलं, चहा दिला, जिन्यापर्यंत सोडायला गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर गेली नाही. सध्या घरीच आहे. ती काय करते असं कुणी विचारलं तर मी सांगत नाही.

दहाव्याचं उरकून गोरक्ष आला तेव्हा मी खाली त्याच्यासाठी चहा ठेवत होते. डोकं भादरलेला, खुर्चीच्या कडेवर बसलेला. त्याच्या खिशात फोन किणकिणला. त्यानं काढला, वाचला आणि माझ्यासमोर धरला. मी चष्मा लावून वाचलं: आईने बरेच दिवस तुमची आठवण काढली नाही. आज तिला फोन करा. खाली एक हिरवं बटण होतं, चांगलं ठसठशीत, कुणालाही दाबता येईल असं.

त्यानं फोन परत आपल्याकडं घेतला. मग म्हणाला, "मावशी, एक विचारू? त्या सकाळी ती मला बोलवत होती, का देवीच्या पाया पडत होती?"

आईला पोराला बोलवायचंय की देवीच्या पाया पडायचंय, हे ज्याला दोनशे किलोमीटरवरून फोन करून विचारता आलं असतं, तो आता मला विचारत होता. मी त्याच्यापुढं चहा ठेवला.

"तुझ्या फोनला विचार," मी म्हणाले.

त्यानं चहा घेतला नाही. फोन मात्र हातात तसाच धरून ठेवला होता. खोटं सांगता आलं असतं मला. पाया पडत होती म्हटलं असतं तर तो जेवला असता, झोपला असता. पण लंकाबाईंनी मला तसं काही सांगून ठेवलं नव्हतं, आणि दोन्हींसाठी एकच बटण काढणाऱ्यांनीही नाही.

लंकाबाई, मूळ राहणार कळवण तालुका, वारल्या त्या शुक्रवारी, रथसप्तमीच्या सकाळी, १६ फेब्रुवारी २०२४ रोजी, नाशिकला, राहत्या घरी. तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं.